तो आत बसला होता

कोल्हापुरात वकिलाकडं कोणी एकटं येत नाही. जमिनीचा वाद असो की अपघाताची भरपाई, अशिलाबरोबर चुलता येतो, मेहुणा येतो, गावातला एखादा बोलका माणूस येतो, आणि ज्याचा काहीच संबंध नाही असाही कोणीतरी "चला, कोर्ट तरी बघू" म्हणून येतो. खुर्च्या कमी पडल्या की ही मंडळी दाराशी उभी राहतात आणि अशिलाच्या आधी उत्तरं देतात. मी वकिली सुरू केली तेव्हा माझे सीनियर म्हणायचे, "आधी खोली रिकामी कर, मग तोंड उघड. अशील वकिलाशी बोलतो ते कायदा झाकून ठेवतो. चौघांसमोर बोललं तर झाकायला उरलं काय?" पुढं माझं काम चालायला लागलं तेव्हा कळलं, की बाहेर बसा म्हटलं की माणसं दुखावतात. "आमच्या पावण्यांस्नी भाईर काढताय व्हय?" असं अशीलच विचारायचा. मग मी तो नाद सोडला.

एक रीत मात्र कोणी न सांगता पाळली जायची. पाहुणे आत बसायचे. ड्रायव्हर, गडी, गोठ्यावरचा माणूस बाहेरच्या बाकावर. ही रीत मी पाडली नव्हती, पण कधी मोडलीही नव्हती. आमच्या कोर्टात सगळ्यांना ती ठाऊक होती, न्यायाधीशांनाही. तिचा मी पुढं कसा वापर केला ते मला सांगायचं आहे. माझं वय झालं आहे आणि हे माझ्याशिवाय दुसरं कोणी लिहिणार नाही.

माझं बरंचसं काम विम्याचं होतं. ज्या अशिलाबद्दल लिहितो आहे त्याचा गोठा शिरोळ भागात, नदीपासून जवळ. तो स्वतः शहरात राहायचा. गोठ्याशिवाय दुधाचे टँकर होते, गावच्या दूधसंस्थेत त्याचा शब्द चालायचा. त्याच्या वडिलांपासून आमचा घरोबा, आणि त्याच्या ओळखीनं निम्मा तालुका माझ्याकडं यायचा. गोठा सांभाळायला एक माणूस होता. त्याला सगळे मामा म्हणत, मालकही आणि मीही. धारा काढणं, वैरण, औषधपाणी सगळं त्याच्याकडं. अंगानं किरकोळ, बोलायला कमी.

त्या मोठ्या महापुरात मामानं पाणी चढायच्या आत सगळ्या म्हशी वर माळाला, मालकाच्या पाहुण्यांच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. एकही म्हैस दगावली नाही. आसपासच्या गावांत मात्र फार जनावरं गेली. पाणी उतरलं तेव्हा उसात, बांधाला, पुलाच्या कठड्याला फुगलेली जनावरं अडकलेली होती. कुणाची ते ओळखायची सोय नव्हती. खड्डे काढून पुरण्याचं काम चाललं होतं आणि डॉक्टर नाकाला रुमाल बांधून घाईघाईनं पंचनामे करत होते.

रस्ता नुकताच सुरू झाला होता, तेव्हा अशील माझ्या ऑफिसात आला. बरोबर त्याचा मेहुणा. मागून मामा, हातात किटली. माळावर एक म्हैस व्याली होती, तिचा चीक मामानं माझ्यासाठी आणला होता. "वैनींस्नी द्या, खरवस करत्याल," म्हणाला आणि किटली टेबलावर ठेवून बाहेर निघाला.

"थांब की मामा," अशील म्हणाला. "तुझंबी काम हाय. बस."

खुर्ची एक रिकामी होती. मामा कपाटाला टेकून खाली बसला. मी त्याला वर बसा म्हटलं नाही.

"वकीलसाहेब, समद्या म्हशींचा विमा हाय आपला," अशिलानं सुरुवात केली. "म्हस मेली तर काय काय लागतंय?"

"तुमच्या वाचल्या ना?"

"वाचल्या की. समजा म्हटलं."

मेहुणा हसला. "समजा म्हणायला काय जातंय साहेब?"

मी सांगितलं. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला असतो. ती मेली तर बिल्ला दिसेल असा फोटो, डॉक्टरांचा पंचनामा आणि सांभाळणाऱ्याचा जबाब लागतो. बिल्ला नसेल तर कंपनी दारात उभं करत नाही.

"उसात बेवारशी म्हशी पडल्यात ढिगानं," अशील म्हणाला. "बिल्ल्याचं काय, ह्या कानातनं काढायचा, त्या कानात घालायचा."

"हे असलं माझ्यासमोर बोलायचं नाही," मी म्हणालो.

"न्हाय बोलत. तुमी फकस्त एवढं सांगा, फोटूत नंबर दिसला म्हंजे झालं का?"

इथं मी उठून त्यांना घालवायला हवं होतं. मी म्हणालो, "नंबर स्वच्छ दिसला पाहिजे. आणि फोटो पुरण्याच्या आधीचा हवा."

आम्हा वकिलांना अशी सवय असते. 'माझ्यासमोर बोलू नका' म्हटलं की आपले हात धुतले गेले असं वाटतं, आणि मग आपण पुढचं उत्तर देतो.

तेवढ्यात मामा खालून बोलला. "मालक, ह्ये नगं. जित्या जनावराला मेलं म्हणायचं? माझ्या तोंडातनं न्हाय यायचं त्ये."

"आयला, मामानं कीर्तन लावलं!" मेहुणा म्हणाला. "टाळ आणू का?"

मामा हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेब, तुमी सांगा की. मला धरतील न्हवं?"

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला काय होतंय? तुम्ही मालकाचा माणूस. मालक सांगतील तसं सांगायचं. जबाबदारी त्यांची."

त्यानं मान हलवली. वकील सांगतोय म्हटल्यावर त्याचं समाधान झालं असावं, किंवा आता बोलण्यात अर्थ नाही असं वाटलं असावं. मी त्याला नंतर कधी विचारलं नाही.

घरी आमच्या मंडळींनी खरवस केला, वेलदोडा घालून. मी दोन वेळा मागून घेतला. पुढं विमा कंपनीकडं जो क्लेम गेला त्यात गोठ्यातल्या सगळ्या म्हशी पुरात मेलेल्या होत्या. म्हणजे माळावर व्यालेली तीही. तिच्या चिकाची चव माझ्या तोंडात होती आणि कंपनीला पाठवायच्या नोटिशीवर मी सही केली.

कंपनीला संशय आला. त्यांचा तपासणीस एक दिवस साध्या कपड्यांत माळावर गेला आणि त्याला कान फाटलेल्या म्हशी रवंथ करताना दिसल्या. कंपनीनं क्लेम नाकारला, मालक आणि मामा दोघांवर पोलिसांत फिर्याद दिली. अशिलानं जबाबात सांगितलं, "मी शहरात असतो. गोठा मामाच बघतो. तो म्हणाला म्हशी मेल्या, मी विश्वासानं सही केली." क्लेमबरोबरचा जबाब मामाचा होता. फोटोंत मेलेल्या म्हशीचा कान धरलेला हात मामाचा होता. म्हशी माळावर नेल्या होत्या त्याही मामानंच. त्या विकून खायचा त्याचा बेत होता, असं ठरायला वेळ लागला नाही. अशिलानं क्लेम मागं घेतला, शहरातला मोठा फौजदारी वकील लावला, आणि मला निरोप पाठवला की आता तुम्ही फक्त गप्प बसा.

मामाला सरकारनं दिलेली वकील मिळाली. माझ्या मुलीच्या वयाची. तिनं बचावाचा साक्षीदार म्हणून मला बोलावलं. मामानं तिला सगळं सांगितलं होतं: बेत मालकाचा, तो वकीलसाहेबांच्या खोलीत ठरला, तो नको म्हणाला, साहेबांनी त्याला सांगितलं काही होत नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. ज्या कोर्टात मी आयुष्यभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेतली, तिथंच. तिनं विचारलं, त्या दिवशी काय बोलणं झालं. अशिलाच्या वकिलानं लगेच हरकत घेतली की अशील आणि वकील यांच्यातलं बोलणं उघड करता येत नाही, आणि आमच्या अशिलाची परवानगी नाही. ती मुलगी डगमगली नाही. तिनं जे सांगितलं ते मला माझ्या सीनियरांनी शिकवलेलंच होतं. गुन्हा घडल्यावर माणूस बचावासाठी वकिलाकडं येतो, त्या बोलण्याला कायदा झाकतो. पुढं फसवणूक करायची म्हणून सल्ला घेतला तर त्याला झाकत नाही. वकिलानं काम करताना स्वतःच्या डोळ्यांनी फसवणूक पाहिली तर तीही झाकली जात नाही. आणि हे बोलणं तिच्या पक्षकारासमोर झालं होतं, मग ते गुपित कसलं?

न्यायाधीशांनी माझ्याकडं बघितलं. "वकीलसाहेब, बोलणं काय झालं ते बाजूला ठेवू. हा माणूस तेव्हा खोलीत होता का, एवढंच सांगा."

हा प्रश्न सरळ होता आणि त्याला कसलंच संरक्षण नव्हतं. हो म्हटलं असतं तर पुढचे सगळे प्रश्न उघडले असते. मामा काय म्हणाला, मग मी काय म्हणालो. माझी सनद, माझं नाव, बार रूममधली माझी खुर्ची.

मी म्हणालो, "माझ्याकडं रोज माणसं येतात. गोठ्यावरची, गाडीवरची माणसं सहसा बाहेरच बसतात. हा आत होता असं मला आठवत नाही."

कोर्टात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. गोठ्यावरचा माणूस आत कशाला बसेल? त्याला मी एका वाक्यानं दाराबाहेर काढला. तो बाहेर गेल्यावर खोलीत मी, अशील आणि अशिलाचा पाहुणा एवढेच उरलो. मेहुणा साक्षीला आलाच नाही. मामानं ते बोलणं ऐकलं याला पुरावा उरला नाही, हरकत मान्य झाली आणि माझ्यापुढं पुढचा प्रश्न आला नाही. अशिलाचं गुपित राखलं असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर राखलं ते माझं.

बाहेर आलो तर मामा जिन्याशी उभा होता. मला वाटलं आता शिव्या देईल. कोल्हापूरचा माणूस, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "साहेब, मी खाली बसलोतो न्हवं का, कपाटाला टेकून. म्हून तुमच्या ध्यानात न्हाय व्हय?"

मी "बघू" असं काहीतरी म्हणून खाली उतरलो.

अशील सुटला. मामाला शिक्षा झाली. अपील दाखल झालं, जामीन मिळाला, पण त्याला कुणी गोठ्यात घेईना. शिरोळ सोडून तो आणि त्याची बायको, म्हणजे मामी, उचगावला मुलाकडं राहायला गेली. मुलगा तिथं जवळच कारखान्यात कामाला होता. अपील चालू असतानाच मामा वारला. मला ही बातमी माझ्या जुन्या कारकुनानं सांगितली. आरोपी मेला की अपील त्याच्याबरोबर संपतं. पण घरच्यांनी मुदतीत अर्ज केला तर नाव धुऊन काढण्यासाठी ते चालू ठेवता येतं. त्याची ती तरुण वकील तोवर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. त्यांना हे सांगणारं कुणी नव्हतं. मला ठाऊक होतं, मुदत संपायला वेळही होता, आणि मी उचगावला गेलो नाही. हे माझं दुसरं पाप. कोर्टातलं खोटं घाबरून बोललो होतो. या वेळी घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं, मी निवृत्त झालो होतो. फक्त मामींच्या तोंडाकडं बघायचं धैर्य नव्हतं.

आमची मंडळी वारल्यावर घरात बोलायला कुणी राहिलं नाही, तेव्हा हे आतून फार बोलायला लागलं. प्रतिज्ञापत्र करावं म्हणून एका ओळखीच्या तरुण वकिलाकडं गेलो. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "काका, पण दाखल कुठल्या केसमध्ये करायचं? केसच राहिली नाही." मग मी रिक्षा केली आणि उचगावला गेलो.

मामी मशिनवर कापडी पिशव्या शिवत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मशिन थांबलं. "बसा," म्हणाल्या आणि पाणी आणलं. मी पाणी न पिता सांगायला लागलो. मामा आत होते. मालकाचा बेत होता. ते नको म्हणाले. मी त्यांना तसं करायला लावलं. कोर्टात मी खोटं बोललो.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "काय म्हणाले त्ये? नेमकं सांगा."

"म्हणाले, जित्या जनावराला मेलं म्हणायचं? माझ्या तोंडातनं न्हाय यायचं."

"आसंच म्हणाले?"

"असंच."

त्या पिशव्यांच्या ढिगाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाबी आसंच सांगितलंतं त्येंनी. लई येळा. मी भांडले. म्हटलं, एवढा मोठा वकील कोर्टात हुबा ऱ्हाऊन खोटं बोलंल व्हय? तुमीच काळं केलंया आन् दुसऱ्यावर ढकलताय. पोराला म्हटलं, बापानं आपल्या तोंडाला काळं फासलं." मशिनवरची पिशवी काढून घेत म्हणाल्या, "मग बोलायचं सोडलं त्येंनी. त्या बाबतीत न्हवं. बोलायचंच सोडलं."

मी हात जोडले. त्यांनी ते बघितलं नाही, किंवा बघून सोडून दिलं.

"मला सांगून काय हुतंय आता," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात सांगा. जिथं त्येंना चोर म्हटलं तितं. येताय?"

मी हो म्हणालो. त्यांनी त्यांच्या मुलाची सुट्टी बघून दिवस ठरवला. मुलानं गाडी भाड्यानं आणली होती. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, फक्त गाडीत बसताना म्हणाला, "तितं गेल्यावर फिरायचं न्हाय हं."

गावच्या दूधसंस्थेत सकाळी सगळे एकत्र असतात. बायका, माणसं, किटल्या आणि कॅन घेऊन रांगेत. आम्ही पोचलो तेव्हा दूध मोजून घेण्याचं काम चाललं होतं. मामींना बघून रांगेत कुजबुज झाली. मी पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं, पण त्या दिवशी माझा आवाज फाटत होता. मी माझं नाव सांगितलं, कोर्टात काय बोललो ते सांगितलं, आणि खरं काय होतं ते सांगितलं. मामा निर्दोष होता, त्यानं नको म्हटलं होतं, मी त्याला बुडवला.

मला वाटलं होतं लोक चिडतील. निदान चकित होतील. तसं काही झालं नाही. काही जण किटल्यांकडं बघत होते. मग दूध मोजणारा म्हातारा, टोपी मागं सारत, अगदी सहज म्हणाला, "ठावं हुतं की वकीलसाहेब. समद्यांस्नी ठावं हुतं. म्हशी माळाला नेल्या तवा आमी वाटंवरच हुतो. बिल्ल्याचं कुणी करायला लावलं त्येबी ठावं हुतं."

"मग कुणी बोललं का नाही?" माझ्या तोंडून गेलं.

"आमचं दूध मालकाच्या टँकरनं जातंय," तो म्हणाला. "आन् तुमी कुठं बोलला हुता?"

रांगेतली एक बाई मामींकडं येऊन म्हणाली, "जाऊंदे गं. त्यो सोन्यासारखा माणूस हुता. आमी कुणी त्येला चोर मानलं न्हाय कवा." तिला वाटलं ती धीर देते आहे. आणखी दोघी-तिघी आल्या, त्याही तेच म्हणाल्या. चोर म्हणून नव्हे, मालकाच्या भीतीनं त्याला कामाला घेतलं नाही, असं एकानं समजावून सांगितलं. मुलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कितीतरी दिवसांनी त्याचा बाप त्याला परत मिळत होता. माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती.

मामी तेवढ्या हलल्या नाहीत. एकेका तोंडाकडं बघत होत्या.

परतताना त्या मागच्या सीटवर खिडकीशी बसल्या होत्या. मुलगा पुढं ड्रायव्हरशी बापाबद्दल बोलत होता, मोकळा होऊन. नदीवरचा पूल ओलांडून बरंच पुढं आल्यावर मामी म्हणाल्या, मला की स्वतःला ते कळलं नाही, "म्हंजे गावात समद्यांस्नी ठावं हुतं."

मी त्यांच्याकडं वळलो.

"त्येंना खोटं मानलं ते मी एकलीनंच."

मी म्हणालो, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून. चूक तुमची नाही. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि उचगाव येईपर्यंत त्यांचं तोंड मला दिसलं नाही.